पिवळ्यावर तांबडा

काचेमागच्या चिठ्ठीवर दुकानदारानं लिहिलंय:
हिंदुस्थान, १८५४. हातानं रंगवलेला.
अवधपाशी डाग. किंमत आत विचारा.

मी आत गेलो नाही.
एडिंबराच्या थंडीत
काचेवर श्वासाची वाफ सोडत
डागापाशीच उभा राहिलो.
हातानं, एवढंच लिहिलंय.
कुणाच्या, ते नाही.

समजा, एल्स्पेथ मकाडमच्या.
काउगेटमधला चौथा मजला,
खिडकीशी टेबल, टेबलाशी ती
आणि तिची नऊ वर्षांची ग्रिझेल.
कागद यायचे नुसत्या काळ्या रेघांचे.
रंगवायचे डझनाला तीन पेन्स,
ओघळ आला तर कागदाचे पैसे कापून.

मुलूख दोनच:
कंपनीचा तांबडा, राजेरजवाड्यांचा पिवळा.
समुद्राला कडेकडेनं निळी झाक,
ती ग्रिझेलकडे.

तांबडा किरमिजाचा, किडे वाटून केलेला.
पिवळा गँबोज, म्हणजे आपला रेवाचिनीचा शिरा,
वैद्य जुलाबाला देत तोच.
कुंचल्याला टोक यावं म्हणून
पोर तो जिभेवरून फिरवी,
आणि निजामाचा दिवस असला
की रात्रभर पोट धरून बसे.
आई म्हणे, उद्या तांबड्यावर बस.

दरसाल पिवळा कमी लागू लागला.
एल्स्पेथला वाटलं, बरंच झालं.
साताऱ्याला एक थेंब पुरला.
नागपूरला अख्खी बशी.
कुणाचं दत्तक नामंजूर,
कुणाच्या जामदारखान्याला कुणाचं कुलूप,
हे टॉरन्स मुकादमाच्या चिठ्ठीत नसे.
चिठ्ठीत असे: अमुक तुकडा, यापुढे तांबडा.
आपण ज्याला खालसा होणं म्हणतो
त्याला काउगेटमध्ये
वाळायला पाऊण तास लागे.

छप्पन साली, न खपलेले चौऱ्याऐंशी कागद परत आले.
अवध बदला.
स्पंजानं पुसलं, पावाच्या गरानं टिपलं,
शिरा काही निघेना.
तसाच वरून तांबडा दिला
आणि झाला नारिंगी, रंगाचा बेरंग.
मुकादम म्हणाला, दुसरा हात द्या.
दुसरा हात दिला.
तरी खालून तो दिसतोच,
आज, इथे, काचेतूनही.

पुढच्या साली तिकडे तोफा सुटल्या
आणि इकडे नकाशांना मागणी आली.
ज्याला त्याला लखनौ कुठंय ते पाहायचं होतं.
त्या हिवाळ्यात मकाडमांकडे रोज कोळसा होता,
दोनदा मटण.

फेब्रुवारीत खालच्या मजल्यावरची बार्बरा गिलख्रिस्ट
जिना चढून आली.
हातात पलटणीचं पत्र,
पाद्र्याकडून वाचून घेतलेलं.
म्हणाली, तू तर रोज तिकडेच असतेस.
आमचा ह्यू कुठे आहे, दाखव.

एल्स्पेथनं न बघता बोट ठेवलं.
नखाच्या कडेला पिवळं होतंच.

बार्बरा बराच वेळ वाकून होती.
समुद्रापासून किती?
कुंचल्याच्या दांडीनं मोजलं: दीड कुंचला.
जवळपास नदी आहे का?
आहे, ही बघ, केसासारखी.
आणि हे असं का दिसतंय?
वाळलं नाही का अजून?

वाळलंय, एल्स्पेथ म्हणाली. कधीच.

तरी बार्बरानं एप्रनचं टोक
त्या जागेवर टेकवलं,
लहान मुलाचं नाक टिपावं तसं, अलगद,
आणि टोक उजेडाकडे धरून पाहिलं.

काही लागलं नव्हतं.